सिस्टर डॉक्टर झाली तर कोणाचं काय बिघडतं?

‘उद्या मग वॉर्डबॉयसुद्धा डॉक्टर होईल!’ नर्स, लॅब टेक्निशियन, एक्स-रे टेक्निशियन यांच्यासाठी एम.बी.बी.एस.ची वाट असावी, असं कोणी नुसतं सुचवलं तरी हे वाक्य ठरलेलं येतं. डॉक्टरांच्या बैठकीत येतं, वाचकांच्या पत्रव्यवहारात येतं, आणि ज्या घरात ‘नीट’ या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा रिपीटर आहे त्या घरात तर हमखास येतं. बोलणाऱ्याला वाटतं, वाद मिटला. मला वाटतं, वाद इथून सुरू होतो. होऊ दे की वॉर्डबॉय डॉक्टर. साडेपाच वर्षं इतरांच्या बाकावर बसून, त्याच परीक्षा त्याच परीक्षकांपुढे देऊन तो पास झाला, तर तुमची हरकत नेमकी कशाला आहे? त्याच्या ज्ञानाला, की त्याने पूर्वी ढकललेल्या स्ट्रेचरला?

मी कनिष्ठ महाविद्यालयात किमान कौशल्याच्या, म्हणजे एम.सी.व्ही.सी.च्या, मुलामुलींना मेडिकल लॅब टेक्निशियनचा कोर्स शिकवत निवृत्त झालो. त्यामुळे तटस्थ असल्याचा आव आणत नाही. पण समोरच्यांचे मुद्दे मी इतकी वर्षं ऐकलेत, की ते त्यांच्यापेक्षा नीट मांडू शकेन. मुद्दे चार आहेत. दर्जा घसरेल. दार तर उघडंच आहे, मग वेगळी सोय कशाला? वॉर्डातली माणसं निघून गेली तर वॉर्ड कोण सांभाळणार? आणि चौथा, जो बोलला जात नाही: आमच्या मुलाची जागा जाईल.

आधी हे बघू की दुसऱ्या क्षेत्रांत काय चालतं. दहावी नापास होता होता वाचलेला मुलगा आय.टी.आय.त दोन वर्षांचा फिटर किंवा वायरमनचा ट्रेड करतो. तिथून त्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमा झाला की डिप्लोमाच्या मार्कांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात. गावोगावी ‘डायरेक्ट सेकंड इयर’ हा शब्द पोरांच्या तोंडी असतो. या मुलाने बारावीचं फिजिक्स दिलेलं नसतं, सी.ई.टी. दिलेली नसते, आणि तरी तो बी.ई. होतो, पूल बांधतो, ट्रान्सफॉर्मर बसवतो. कोणीही म्हणत नाही की वायरमन इंजिनिअर झाला, आता देशाचं कसं होणार. डी.फार्म. झालेला बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षात जातो. जी.एन.एम. झालेली नर्स पोस्ट बेसिक बी.एस्सी. करते, पुढे एम.एस्सी. नर्सिंग करते, प्राचार्य होते. शिड्या सगळीकडे आहेत. एम.बी.बी.एस.च्या दाराशी मात्र एकही पायरी नाही. पंधरा वर्षं आय.सी.यू. सांभाळलेली सिस्टर आणि कालपर्यंत वरणभातसुद्धा आईच्या हातचा खाणारा सतरा वर्षांचा मुलगा, दोघांनाही एकाच रांगेत, शून्यापासून. वर म्हणायचं की ही समानता.

आता ‘दार उघडंच आहे’ या मुद्द्याकडे येतो, कारण तो अर्धा खरा आहे आणि अर्धं खरं खोडायला जास्त कष्ट पडतात. बरीच वर्षं दार खरोखरच बंद होतं. अकरावी-बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी हे विषय नियमितपणे, सलग दोन वर्षं शिकलेले असले पाहिजेत, अशी अट होती. मागाहून बायॉलॉजी जोडून घेतलं तर ते धरत नसत. ओपन स्कूलवाल्यांना 2018 साली सरळ अपात्र ठरवलं, त्यावर लोकांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. वयाचीही मर्यादा घातली होती, खुल्या वर्गाला पंचवीस. मग 2022 च्या मार्चमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने वयाची अट काढली. नोव्हेंबर 2023 मध्ये आयोगाने जाहीर केलं की बारावीनंतर जादा विषय म्हणून बायॉलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी पास झालेलंही चालेल. म्हणजे आज एखाद्या आर्ट्सवाल्या नर्सने ओपन स्कूलमधून हे विषय पुन्हा दिले, पन्नास टक्के मिळवले, तर तिला नीटला बसता येतं. नीट मराठीतूनही देता येते. कायद्याने दार उघडं आहे, मान्य.

पण उघड्या दारापर्यंत पोचायचं कसं, हे बोलायचं नाही का? 2025 साली 22 लाखांहून जास्त मुलांनी नीट दिली. देशभरात एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. एकशेऐंशी प्रश्न, सातशेवीस गुण, चुकलं की एक गुण वजा. त्यातले नव्वद प्रश्न बायॉलॉजीचे, बाकी निम्मे फिजिक्स आणि निम्मे केमिस्ट्रीचे, सगळे अकरावी-बारावीच्या पुस्तकांतले. या परीक्षेत जे पुढे येतात ते बहुतेक पूर्ण वेळ हेच करणारे. लातूर-नांदेडला खोली घेऊन, कॉलेजात नावापुरती हजेरी लावून, दोन-दोन तीन-तीन वर्षं टेस्ट सिरीज सोडवणारे. त्यात त्यांचा दोष नाही, खेळच तसा मांडलाय. पण दवाखान्यात आठ-आठ दिवस नाइट करणारी, घरी लहान मूल असणारी, पगारातून हप्ता भरणारी बाई या खेळात उतरून सहाशे मार्क कसे काढणार? आणि समजा निघाले, तर साडेपाच वर्षं बिनपगारी राहून घर कसं चालवणार? ‘तिला कोणी अडवलंय का’ असं म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर मांडून दाखवावं.

दर्जाचा मुद्दा सगळ्यात मोठ्या आवाजात मांडला जातो, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

माझ्या वर्गात येणारी मुलं दहावीला पन्नास-पंचावन्न टक्क्यांची. सायन्सला नंबर न लागलेली, किंवा फी परवडत नाही म्हणून इकडे आलेली. आमची लॅब मुख्य इमारतीच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये. पहिल्या सहामाहीत मी त्यांना रक्ताचा स्मिअर काढायला शिकवायचो. काचपट्टीच्या एका टोकाला रक्ताचा थेंब, दुसरी काचपट्टी तिरकी टेकवायची, थेंब तिच्या कडेने पसरू द्यायचा आणि एका दमात पुढे ओढायची. हात थबकला तर पट्टे उमटतात, थेंब मोठा झाला तर थर जाड होतो, पट्टीची कड खराब असेल तर पांढऱ्या पेशी शेपटाकडे गोळा होऊन मोजणी चुकते. चांगला स्मिअर जिभेच्या आकाराचा, टोकाला विरत जाणारा. मग लिशमन स्टेन, मग बफर, मग तेलाचा थेंब टाकून शंभराच्या लेन्सखाली शंभर पेशी मोजायच्या. सुरुवातीला मुलं वैतागतात. दिवाळीपर्यंत त्यातली निम्मी न्यूट्रोफिल आणि इओसिनोफिल इतक्या सहज वेगळे ओळखतात, जितक्या सहज आपण गर्दीत आपले नातेवाईक ओळखतो.

यातलीच एक मुलगी पुढे डी.एम.एल.टी. करून एका तालुक्याच्या गावी लॅबमध्ये लागली. डेंगीच्या दिवसांत एका बाईंचा प्लेटलेट काउंट मशीनने 28 हजार दाखवला. नातेवाइकांची प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी पळापळ सुरू झाली. हिने रिपोर्ट सोडायच्या आधी स्मिअर काढला, आणि शेपटाकडे बघितलं तर प्लेटलेट गठ्ठ्या-गठ्ठ्यांनी चिकटून बसलेल्या. जांभळ्या झाकणाच्या नळीत जे ई.डी.टी.ए. असतं, त्यामुळे काही माणसांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, आणि मशीन गठ्ठ्याला प्लेटलेट म्हणून मोजत नाही. हिने निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं. काउंट दीड लाखाच्या वर. रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरांनी रिपोर्टवर सही केली आणि पिशव्या रद्द झाल्या.

यावरून ती डॉक्टर व्हायला लायक ठरते का? नाही. मी तसं म्हणतही नाही. तिला त्या बाईंची नाडी, यकृताची सूज, पोटातलं पाणी यांतलं काही तपासता आलं नसतं. कार्बनी रसायनाचं तिचं ज्ञान कच्चं आहे, आणि त्याशिवाय पहिल्या वर्षाचं बायोकेमिस्ट्री तिला जड जाईल, हेही खरं. पण एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजीत जे शिकवतात त्याचा एक तुकडा तिच्या बोटांत आहे. आणि आकडा समोर आला तरी ‘हे बरोबर वाटत नाही’ म्हणून थांबायची सवय तिच्या अंगात मुरलीय. पुस्तकं वाचून ही सवय लागायला पुष्कळ वर्षं जातात, काहींना लागतच नाही. कच्चं काय आहे ते कळलंय, ते शिकवता येतं. एका वर्षात शिकवता येतं. ज्यांचं सगळं शिक्षण ‘कच्चं आहे ते पक्कं करणे’ या एकाच गृहीतावर उभं आहे, त्यांनी इथेच हात का झटकावेत?

आता दर्जावाल्यांना एक-दोन आकडे विचारायचे आहेत. 2025 च्या नीटमध्ये खुल्या वर्गातला मुलगा सातशेवीसपैकी 144 गुणांना पात्र ठरला. म्हणजे वीस टक्के. सरकारी कॉलेजात त्याचा नंबर लागणार नाही, पण वडिलांकडे पैसे असतील तर अभिमत विद्यापीठातल्या जागेसाठी तो कायद्याने पात्र आहे. तिथे वर्षाला वीस-पंचवीस लाख फी आहे, आणि एन.आर.आय. कोट्यात याहून जास्त. या मुलाच्या केमिस्ट्रीबद्दल कोणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही. 2023 साली पदव्युत्तर प्रवेशाच्या नीटची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली. जागा रिकाम्या राहत होत्या म्हणून. शून्य पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिली एवढं पुरे. सर्जन, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ होण्यासाठी हा उंबरठा चालतो, आणि सिस्टरने पहिल्या वर्षात पाय ठेवायचा म्हटलं की दर्जा आठवतो? पैशाला जी लवचीकता दाखवता ती अनुभवाला दाखवायला काय हरकत आहे?

अनुभवाचा विषय निघालाच आहे तर डॉक्टरांच्या घरातलंच उदाहरण घेऊ. प्राथमिक आरोग्य केंद्रात दुर्गम भागात काम केलेल्या मेडिकल ऑफिसरला पी.जी.च्या प्रवेशात दर वर्षाच्या सेवेला दहा टक्के, जास्तीत जास्त तीस टक्के, असे प्रोत्साहन गुण देण्याची तरतूद नियमांत आली. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला, की सेवेतल्या डॉक्टरांसाठी पी.जी.ला राज्यं वेगळा कोटा ठेवू शकतात. मला हे धोरण पूर्ण पटतं. ज्याने गडचिरोलीत किंवा धडगावात तीन वर्षं काढली, त्याला ज्ञानाचं आणि माणसांचं असं काहीतरी मिळालेलं असतं जे परीक्षेत मोजता येत नाही, हे त्यात मान्य केलेलं आहे. मग त्याच केंद्रात, त्याच्याच शेजारच्या खुर्चीवर, त्याच तीन वर्षांत बाळंतपणं करणाऱ्या सिस्टरला तेवढंच मिळत नाही का? की सेवेचं मूल्य बिल्ल्यावरच्या हुद्द्याप्रमाणे बदलतं?

ज्यांनी कधी सरकारी कॅज्युअल्टीत एखादी रात्र काढलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. नवा इंटर्न दाखल होतो. पहिल्या आठवड्यात त्याला व्हेनफ्लॉन, म्हणजे सलाइनसाठी शिरेत घालायची सुई, लावता येत नाही. मूल रडतंय, आई रडतेय, दोन ठिकाणी टोचून झालंय. मग तो मान वळवून म्हणतो, ‘सिस्टर, जरा बघता का?’ सिस्टर निळी सुई बाजूला ठेवते, तिच्याहून बारीक पिवळी घेते, मुलाच्या पायाला हात चोळून ऊब देते, आणि पहिल्या टोचण्यात शीर धरते. नंतर हळूच म्हणते, ‘डॉक्टर, साखर तपासून घेऊ या का?’ प्रश्नाच्या सुरात दिलेली ही सूचना असते, आणि शहाणा इंटर्न ती ऐकतो. सहा महिन्यांनी तो तिला सूचना देऊ लागतो. त्यातही गैर काही नाही. तो शिकला. पण ज्या शाळेत तो शिकला, तिथल्या शिक्षिकेला विद्यार्थी व्हायची मुभा नाही, याला व्यवस्थेचा दर्जा म्हणायचं असेल तर म्हणा.

‘असं कधी झालंच नाही’ म्हणणाऱ्यांनी जरा मागे बघावं. इंग्रजांच्या काळात आपल्याकडे दोन प्रकारचे डॉक्टर होते, पदवीचे आणि लायसेन्शिएट. मेडिकल स्कूलांतून कमी काळात शिकून निघणारे हे लायसेन्शिएट एल.सी.पी.एस., एल.एम.पी. अशा पाट्या लावायचे. भोर समितीने 1946 साली अहवाल दिला तेव्हा देशातल्या नोंदणीकृत डॉक्टरांत जवळजवळ दोन तृतीयांश तेच होते. यापुढे एकाच दर्जाचा डॉक्टर हवा, असं समितीने म्हटलं. काही सदस्यांनी विरोधही नोंदवला. मेडिकल स्कूलं बंद झाली किंवा कॉलेजं झाली. पुण्याचं बी.जे. त्याच 1946 साली स्कूलचं कॉलेज झालं. पण जे लायसेन्शिएट आधीच काम करत होते त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. त्यांच्यासाठी कंडेन्स्ड एम.बी.बी.एस.चे कोर्स चालवले गेले, आणि पुष्कळ जण ते करून पूर्ण पदवीधर झाले. आमच्या लहानपणी खालच्या आळीला बसणारे डॉक्टर त्यांतलेच. म्हणजे या देशाने ‘काम येतं, पदवी नाही’ अशा माणसांसाठी पूल बांधून दाखवलाय, आणि तो पडलाही नाही. हे लायसेन्शिएट डॉक्टरच होते, टेक्निशियन नव्हते, हा आक्षेप मी समजू शकतो. म्हणूनच मी छोटा कोर्स मागत नाही, पूर्ण मागतो. ते पुढे येईलच.

बाहेर बघायचं तर जर्मनीकडे बघा. तिथे मेडिकलचा प्रवेश आबितुर या शालान्त परीक्षेच्या मार्कांवर असायचा, आणि मार्क कमी असले तर वर्षानुवर्षं थांबायचं. 19 डिसेंबर 2017 ला तिथल्या घटना न्यायालयाने या पद्धतीत दोष काढले. 2020 पासून नवी व्यवस्था आली. तीस टक्के जागा मार्कांच्या जोरावर, पण दहा टक्के जागांच्या गटात आबितुरचे मार्क बघायचेच नाहीत. तिथे अभिरुची चाचणी आणि नर्सिंग किंवा रुग्णवाहिकेतल्या तातडीच्या सेवेचं पूर्ण केलेलं व्यावसायिक शिक्षण यांना गुण मिळतात. उरलेल्या साठ टक्क्यांतही मार्कांबाहेरचे निकष धरावे लागतात. त्याआधीच 2009 साली तिथल्या राज्यांनी ठरवलं होतं, की आपल्या व्यवसायात वरचं प्रशिक्षण घेतलेल्यांना आबितुरशिवायही विद्यापीठात जाता यावं. लंडनच्या किंग्ज कॉलेजने 2001 पासून सहा वर्षांचा एम.बी.बी.एस. चालवला. तो ज्या मुलांच्या शाळा गरीब वस्तीतल्या आणि मार्क कमी, त्यांच्यासाठी. सुरुवातीचा अभ्यास सावकाश, मदत जास्त, शेवटच्या परीक्षा सगळ्यांबरोबर. ती मुलं मोठ्या संख्येने डॉक्टर झाली. कोणी त्यांच्या पदवीवर वेगळी खूण केली नाही.

आणि गंमत अशी की याच जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये करार केला. आपल्याकडचे हजारो कुशल तरुण तिकडे पाठवायचे, त्यात नर्सेसही. हायडलबर्ग, ट्युबिंगन, फ्रायबुर्ग, उल्म, इथली वैद्यकीय विद्यालयं त्याच राज्यात. म्हणजे आपल्या सिस्टरने नर्सिंगचा अनुभव डॉक्टर होण्यासाठी वापरायचा म्हटलं, तर त्याचे गुण तिला तिकडे मिळू शकतील, इकडे मिळणार नाहीत. आपणच तिला जर्मन शिकवायची सोय करतोय, पण केमिस्ट्री शिकवायची नाही.

हे सांगून मी तिसऱ्या मुद्द्यावर आलोच. वॉर्ड ओस पडतील. अहो, वॉर्ड आजही ओसच पडतायत. आखातात, युरोपात, खासगी साखळी इस्पितळांत जाताना कोणी कोणाला विचारत नाही. शिवाय, एम.बी.बी.एस. करून कलेक्टर झालेल्या मुलांचे आपण गावोगाव सत्कार करतो. सरकारने त्यांच्यावर केलेला खर्च वाया गेला, असं त्या व्यासपीठावर कोणी म्हणतं का? माणसाने वर जायचं ठरवलं की त्याला वॉर्डाची आठवण करून देणं ही फक्त सिस्टरच्याच वाट्याला आलेली नीती आहे. उलट सेवेत राहून पुढे जाता येतं हे दिसलं, तर नर्सिंगला येणाऱ्या मुली वाढतील, कमी होणार नाहीत. वयाचाही आक्षेप येतो, की तिशीत सुरुवात केलेली बाई छत्तिसाव्या वर्षी डॉक्टर होईल. होईल, आणि पुढे बावीस-पंचवीस वर्षं काम करेल, बहुधा आपल्याच तालुक्यात, कारण घर तिथे आहे. ग्रामीण भागातून आलेल्यांना प्रवेशात प्राधान्य द्या, ते तिथे टिकतात, ही शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2010 साली केलेली आहे. चोविसाव्या वर्षी पदवी घेऊन पंचविसाव्या वर्षी परदेशी परीक्षेचा फॉर्म भरणाऱ्यापेक्षा हा सौदा सरकारला महाग पडतो का?

इथे एक गल्लत मुद्दाम केली जाते, ती मोडून काढायला हवी. ‘म्हणजे तुम्हाला शॉर्टकट हवा!’ असं म्हणून लोक मला होमिओपॅथीवाल्यांच्या रांगेत बसवतात. महाराष्ट्राने 2014 साली कायदा बदलून होमिओपॅथना वर्षभराचा औषधशास्त्राचा कोर्स करून आधुनिक औषधं देण्याची मुभा दिली. 2019 च्या वैद्यक आयोगाच्या कायद्यात कलम 32 घातलं, मर्यादित परवान्याच्या सामुदायिक आरोग्य सेवकाचं. डॉक्टरांनी या दोन्हींवर रान उठवलं, आणि त्यांच्या आक्षेपात बरंच तथ्य आहे असं मला वाटतं. पण नीट बघा. त्या दोन्ही ठिकाणी शिक्षण कमी करून परवाना दिला जातोय. मी म्हणतोय, शिक्षण अख्खं द्या आणि परवाना शेवटी, सगळ्यांना मिळतो तसाच द्या. अर्ध्या डॉक्टरला विरोध करणाऱ्यांनी पूर्ण डॉक्टर व्हायला निघालेल्या माणसालाही विरोध केला, तर मग त्यांचा विरोध शिक्षणाच्या लांबीला नव्हता असाच अर्थ निघतो.

मागणी नेमकी काय, तेही सांगतो, म्हणजे ‘नीट रद्द करा म्हणतो’ अशी बोंब उठायला नको. नीट राहू दे. ती केंद्राच्या कायद्यात आहे, राज्याला हलवता येत नाही, आणि हलवू नये. पण राज्याला एक गोष्ट करता येते, आणि तामिळनाडूने ती 2020 साली केली. सरकारी शाळांत शिकलेल्या, नीट पात्र झालेल्या मुलांसाठी एम.बी.बी.एस.च्या साडेसात टक्के जागा. प्रकरण कोर्टात गेलं, 2022 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. तसंच महाराष्ट्राने परिचारिका आणि पॅरामेडिकल कर्मचाऱ्यांसाठी करावं. नोंदणी झालेली, किमान पाच वर्षं सेवेतली माणसं. त्यांच्यासाठी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने एक पूर्वतयारीचं वर्ष चालवावं, संध्याकाळचे वर्ग, शनिवार-रविवार, फिजिक्स-केमिस्ट्री-बायॉलॉजी पहिल्यापासून. मग त्यांनी नीट द्यावी, पात्र व्हावं, आणि आपापसांत स्पर्धा करून या वेगळ्या जागा घ्याव्यात. सरकारी सेवेतल्यांना अभ्यासरजा आणि निम्मा पगार, बदल्यात तालुक्याचा बाँड. पुढची साडेपाच वर्षं काहीही सवलत नाही. पहिल्या वर्षाला चारच संधी आहेत, त्यांनाही चारच. व्हेनफ्लॉन येतं म्हणून कुठली पोस्टिंग माफ नाही.

जागा किती? सुरुवातीला टक्क्यांची भाषाही नको. एका सरकारी कॉलेजात दहा जागा द्या, आणि त्या वाढीव मागून घ्या. आयोग दर वर्षी नव्या कॉलेजांना शंभर-दीडशे जागांपर्यंत मंजुरी देतो, त्यात दहा जड नाहीत. म्हणजे चौथा, न बोललेला मुद्दाही निकालात निघतो, कोणाच्या बाळूची जागा जात नाही. ही दहा माणसं ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीचे पेपर बाकीच्या दीडशे मुलांबरोबर देतील. विद्यापीठ पेपर तपासताना उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. वर्षभरात पहिला निकाल लागेल. ‘दर्जा घसरेल’ म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी यावं, दोन्ही गटांचे मार्क शेजारी-शेजारी मांडून घ्यावेत, आणि मग बोलावं. तोवर त्यांच्याकडे फक्त वॉर्डबॉयचं ते वाक्य आहे, आणि माझ्याकडे निदान एक तपासता येईल असा प्रस्ताव आहे.